खडकीला पाणी देणारा मलिक अंबर

मानवत - मानवतच्या शेजारची पाथरी ही निजामशाहीची मूळभूमी. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, अशी नोंद फरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. या घराण्याची सत्ता मोडकळीस आली असता तिला आणखी पाव शतक उभी ठेवणारा पुरुष मात्र पाथरीचाच काय, हिंदुस्थानचाही नव्हता. तो होता हबसाणातील गुलाम मलिक अंबर.

त्याचा जन्म 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलामांच्या बाजारात विकला गेलेला हा मुलगा येमेनचे मोखा बंदर, तेथून बगदाद असा फिरला. बगदादच्या मीर कासिम या धन्याने त्याला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही एकेकाळचा हबशी गुलामच. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि 1595 च्या आसपास स्वतःचे पथक घेऊन निजामशाहीत परतला.

1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले. अंबरने परांडा येथे दुसऱ्या मूर्तझा निजामशहाला गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार हाती घेतला. याच मूर्तझाचा पुढे 1610 मध्ये त्याने काटा काढला, हेही सांगितले पाहिजे. गनिमी कावा, जमिनीची मोजणी, मक्तेदारीला दिलेला फाटा याविषयी शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका रोष होता की, त्याने अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत असल्याचे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

येथे विषय आहे तो पाण्याचा. 1610 मध्ये अंबरने खडकी या गावी राजधानी वसविली. खाम नदी पावसाळ्यापुरती वाहणारी, पाऊस बेभरवशाचा. त्यातच 1616 मध्ये रोषणगावच्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. जळालेले शहर पुन्हा वसवावयाचे तर घरांआधी पाणी हवे होते. 1618 च्या सुमारास हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातून आणलेली नहर-ए-अंबरी शहरात पोहोचली.

या नहरीत ना पंप होता, ना मोट. डोंगराच्या पोटात झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत न्यावयाचे. ऐकावयास हे सोपे वाटते, परंतु बंद नळातून पाणी नेताना दोन शत्रू हमखास आडवे येतात. पहिला शत्रू हवा. नळ जेथे उंच होऊन पुन्हा खाली वळतो, तेथे हवा साठते आणि मागे पाणी असूनही पुढे धार येत नाही. शहरातील वाचकांना हा अनुभव नवा नाही. गच्चीवरच्या सौर बंबाच्या नळीत हवा अडकली की टाकीत पाणी उकळत असते आणि न्हाणीघरात नळ कोरडा असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटते, म्हणून गरम पाण्याच्या हौदांना व टबांना हा विकार अधिक जडतो. प्रवाह मंदावला की तापक जळण्याची भीती असते, म्हणून तो आपोआप बंद पडतो आणि घरमालक तापकालाच दोष देत बसतो. दुसरा शत्रू म्हणजे दाब. लांब उतारावर तो इतका वाढतो की खापरी नळांचे सांधे फुटतात.

या दोहोंवरचा अंबरकालीन उपाय म्हणजे बंब. मराठी घरात बंब म्हणजे पाणी तापविण्याचे तांब्याचे भांडे, पण औरंगाबादेत बंब म्हणजे नहरीच्या वाटेवर उभा केलेला दगडी-विटांचा मनोरा. पाणी त्यात वर चढते, अडकलेली हवा उघड्या तोंडातून निघून जाते, जादा दाब तेथेच जिरतो आणि पाणी पुन्हा खालच्या नळात उतरते. शिवाय लागोपाठच्या दोन बंबांतील पाण्याची पातळी ताडून पाहिली की बिघाड नेमका कोणत्या टप्प्यात आहे, ते समजू शकते. संपूर्ण नळ खणून काढण्याची गरज उरत नाही.

विशेष म्हणजे दख्खनमध्ये अंबरशी लढलेला मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखाना याच्याच काळात, 1615 मध्ये, बुऱ्हाणपुरात याच धर्तीचा कुंडी भंडारा उभा राहिला. रणांगणावरचे वैरी जमिनीखाली एकाच विद्येचा आश्रय घेत होते. पाणचक्कीची नहर ही पुढच्या काळातील. तेथे उंचावरून सोडलेल्या पाण्याने जाते फिरविले जाई.

1624 मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरने मोगल व आदिलशाही फौजांचा पाडाव केला. शहाजीराजे या युद्धात त्याच्या बाजूने लढले, तर त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. त्यानंतर अंबर फार जगला नाही. 14 मे 1626 रोजी, ऐंशीच्या घरात असताना त्याचे निधन झाले. खुलताबादेत त्याची कबर आहे. 1633 मध्ये त्याचा मुलगा फतेहखान याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला.

खडकीचे पुढे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. नहर मात्र अंबरच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या वाटेवर आता घरे उभी राहिली आहेत, काही बंबांच्या भेगांत पिंपळ रुजले आहेत आणि फुटलेल्या नळांची दुरुस्ती करू शकणारे हातही दुर्मिळ झाले आहेत.