काउंट फोल्के बर्नाडोट

काउंट फोल्के बर्नाडोट ह्यांचा जन्म इ. स. १८९५ सालीं स्वीडन देशाच्या राजघराण्यांत झाला. राजे पांचवे गुस्ताव्ह हे त्यांचे चुलते. महायुद्धाच्या शेवटीं, १९४५ सालीं, त्यांनीं स्वीडिश रेडक्रॉसच्या पांढऱ्या बसगाड्या जर्मनींत नेऊन छळछावण्यांतील हजारों बंदिवानांस सोडविलें. त्यांत पुष्कळ यहूदी होते.

१९४८ च्या मे महिन्यांत इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि शेजारच्या अरब राष्ट्रांशीं त्याचें युद्ध जुंपलें. तेव्हां संयुक्त राष्ट्रसंघानें बर्नाडोट ह्यांस मध्यस्थ नेमिलें. त्यांच्या खटपटीनें ११ जूनपासून चार आठवडे तोफा थांबल्या. परंतु त्यांनीं सुचविलेली तडजोड उभय पक्षांस रुचली नाहीं. तीन लाखांवर पॅलेस्टाइनी अरब निर्वासित झाले होते. त्यांस आपल्या घरीं परतण्याचा हक्क आहे, असें बर्नाडोट ह्यांनीं निर्भयपणें सांगितलें. १७ सप्टेंबर रोजीं यरुशलेमांत ‘लेही’ नांवाच्या यहूदी गुप्त संघटनेच्या माणसांनीं त्यांची मोटार अडवून त्यांस गोळ्या घातल्या. शेजारीं बसलेले फ्रेंच कर्नल सेरो हेही मरण पावले.

त्यांचें काम राल्फ बंच ह्यांनीं पुढें चालविलें, व १९४९ सालीं इस्राएल आणि चार अरब राष्ट्रें ह्यांच्यांत युद्धविरामाचे करार झाले. निर्वासितांचा प्रश्न मात्र सुटला नाहीं.

वाचकहो, ज्यानें यहूदी बंदिवानांस सोडविलें त्यानेंच अरब निर्वासितांचा कैवार घेतला. एकाचे अश्रु पुसतांना दुसऱ्याचे विसरूं नयेत, हा धडा त्यांनीं प्राण वेंचून घालून दिला.