फाळक्यांची पंधरवड्याची लंडनवारी

चार-पाच दिवसांत लंडन पाहून होते का, हा प्रश्न आता आमच्या नंदुरबारातही विचारला जातो. कुणाचा मुलगा तिकडे शिकत असतो, कुणाची लेक नांदत असते. सुरतमार्गे मुंबई गाठायची आणि पुढे नऊ-दहा तासांचे विमान. राजवाडा, घड्याळाचा मनोरा, संग्रहालये अशी यादी घेऊन कुणी माझ्याकडे आले, की मला हटकून दादासाहेब फाळके आठवतात.

धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, फोटोग्राफी, छापखाना असे बरेच उद्योग करून झाले होते. भागीदारांशी बिनसून छापखाना सुटला. अशा दिवसांत गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येणार, या विचाराने त्यांना पछाडले. मग रोज सिनेमे पाहणे आणि जागून प्रयोग करणे. अतिताणाने दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली, हे नशीबच!

अशा माणसाने लंडनला जायचे ठरवले. वय चाळिशीपुढचे, घरात लहान मुले, मिळकत बंद. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले. आज आपण हप्त्यावर सहल काढतो, पण विमा म्हणजे बायकामुलांच्या उद्याचा घास. तो गहाण पडत असताना सरस्वतीबाई नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. माझ्या मते या प्रवासातला खरा धोका त्यांनी पत्करला होता. बोटीत बसलेल्याला निदान समुद्र तरी पाहायला मिळतो.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीत चढले आणि १ एप्रिलला परतले. दोन महिन्यांतला बहुतेक काळ पाण्यावर गेला. लंडनच्या वाट्याला आला अवघा पंधरवडा. पिकॅडिली सर्कसजवळ त्यांना 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसली. या साप्ताहिकाचे ते मुंबईत वर्गणीदार होते, तेवढ्या ओळखीवर आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केले. या धंद्यात भलेभले बुडतात, त्यात हिंदुस्थानची हवा फिल्मला मानवायची नाही, असे त्यांचे मत. पण पाहुणा हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या चित्रपट-निर्मात्याशी गाठ घालून दिली.

हेपवर्थचा स्टुडिओ थेम्सकाठच्या वॉल्टन गावी होता. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून तिथे आजही गाडीने जाता येते. गावात हेपवर्थच्या नावाचे छोटे नाट्यगृह आहे. लंडनला निघालेल्यांना मी हे ठिकाण यादीत घालायला सांगतो. मेणाच्या पुतळ्यांपुढची रांग एक वेळ चुकली तरी चालेल. हेपवर्थने फाळक्यांना सगळे विभाग हिंडून दाखवले, चित्रीकरण कसे होते तेही दाखवले. कॅबोर्न आणि हेपवर्थ या दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची आणि तिला भोके पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवली, आणि परतीची बोट धरली.

१९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा बरोबर स्वतःचे चित्रपट होते. तिथेच राहून चित्रपट काढण्याचे आमंत्रणही त्यांना आले. त्यांनी ते नाकारले.

पण त्या अगोदर, पहिल्या वारीहून परतल्यावर, घराचाच कारखाना झाला होता. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके नसत आणि ती अंधारातच पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा चित्रपटातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री अंधारात बसून फिल्मला भोके. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यातल्या प्रत्येक फुटाला सरस्वतीबाईंचा हात लागलेला होता.