लायकाचा जनक : ऑस्कर बार्नाक

न्यूटन, फॅरडे, रामन ही नावे परीक्षेपुरती का होईना, आपल्या सर्वांच्या ओठांवर असतात. परंतु ज्यांनी प्रमेये मांडली नाहीत, केवळ हाताने यंत्रे घडवली, अशा कारागिरांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातील एक ओळही सहसा येत नाही. ऑस्कर बार्नाक हा असाच एक कारागीर. लायका या नावाच्या छोट्या कॅमेऱ्याचा तो जनक. पदार्थविज्ञान शिकवणारा आणि छायाचित्रणाची हौस असणारा, अशा दोन्ही नात्यांनी मला त्याचे आयुष्य जवळचे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी बर्लिनच्या दक्षिणेस ब्रांडेनबुर्गमधील लीनो या खेड्यात झाला. शालेय शिक्षणानंतर बर्लिनजवळ एका यंत्रकारागिराच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. १९०२ साली तो येना येथील झाइस या प्रसिद्ध कारखान्यात लागला आणि १९१० पर्यंत तेथे राहिला. छायाचित्रणाचा नाद त्याला याच काळात जडला. सुट्टीच्या दिवशी थुरिंगियाच्या डोंगराळ अरण्यात कॅमेरा घेऊन भटकावे, ही त्याची आवड.

पण प्रकृती साथ देईना. त्याला दम्याचा विकार होता. त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटाराच! १३ × १८ सें.मी. आकाराच्या काचा, त्यांचे धारक आणि तिवई, एवढे ओझे पाठीवर घेऊन चढ चढणे धडधाकट माणसालाही जड जाई. छाती भरून आलेल्या बार्नाकने आपला छंद सोडला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने छंद सोडला नाही. ओझे कसे उतरवता येईल याचा विचार सुरू केला. निगेटिव्ह अगदी लहान घ्यावे आणि छायाचित्र मागाहून मोठे करावे, ही ती कल्पना. एका मोठ्या काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याचा प्रयोग त्याने १९०५ च्या सुमारास करून पाहिला. तो फसला, कारण त्या काचांवरील लेपाचे कण जाडे होते आणि मोठे केलेले चित्र खरखरीत दिसे. कल्पना मात्र त्याने मनाच्या तळाशी जपून ठेवली.

१९११ च्या जानेवारीत तो वेत्सलार या गावी लाइत्स यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात दाखल झाला. झाइसमधला त्याचा मित्र एमिल मेखाउ तेथे आधीच गेला होता. हे वेत्सलार म्हणजे १७७२ साली तरुण गटे जेथे काही महिने राहिला, तेच गाव. तेथे प्रायोगिक विभागाचे काम पाहताना बार्नाकच्या हाती सिनेमाची फिल्म आली. तिचे कण बारीक होते, आणि तिची रुंदी होती ३५ मि.मी. सिनेमाच्या एका चौकटीचा आकार १८ × २४ मि.मी. बार्नाकने फिल्म आडवी धावू दिली आणि दोन चौकटींची एक केली. अशा रीतीने २४ × ३६ मि.मी. हे माप जन्माला आले. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत ज्याला फुल फ्रेम म्हणतात, ते हेच माप.

१९१४ पर्यंत त्याचा पहिला नमुना तयार झाला होता. तो खिशात मावत असे. मग महायुद्ध आले आणि सर्व बेत मागे पडले. तरीही बार्नाक आपला छोटा कॅमेरा घेऊन गावात हिंडतच होता. १९२० च्या महापुरात बुडालेल्या वेत्सलारची त्याने घेतलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. युद्धानंतर जर्मनीची आर्थिक घडी पार विसकटली होती. अशा दिवसांत सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्याने कॅमेऱ्याच्या धंद्यात पडावे की नाही, यावर कारखान्यात मतभेद होते. अखेर १९२४ साली दुसरे एर्न्स्ट लाइत्स यांनी धोका पत्करण्याचा निर्णय दिला. १९२५ च्या वसंतात लाइपत्सिगच्या जत्रेत हा कॅमेरा जगापुढे आला. लाइत्स आणि कॅमेरा या शब्दांच्या आद्याक्षरांतून त्याचे लायका हे नाव सिद्ध झाले. त्याचे भिंग माक्स बेरेक या गणितज्ञ सहकाऱ्याने योजले होते.

या पहिल्या लायकाचे भिंग कायमचे जोडलेले होते. दूरचे शिखर जवळ आणावे किंवा अरुंद गल्ली संपूर्ण टिपावी, तर भिंग बदलता आले पाहिजे. १९३० साली ती सोय झाली. कॅमेऱ्याच्या तोंडाशी ३९ मि.मी. व्यासाचे, इंचाला २६ या हिशोबाचे आटे पाडण्यात आले. भिंग हाताने फिरवून बसवावयाचे आणि तसेच काढावयाचे. वरवर पाहता किती साधी गोष्ट! पण सुरुवातीस एका कॅमेऱ्याचे भिंग दुसऱ्याला चालत नसे. प्रत्येक जोडी कारखान्यात जुळवून घ्यावी लागे. कारण आटे जुळले तरी भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात किंचित वेगळे पडत असे. १९३१ साली ते अंतर २८.८ मि.मी. असे कायम ठरले, आणि मग कोणतेही भिंग कोणत्याही लायकाला बसू लागले.

१९३२ च्या दुसऱ्या लायकात रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, भिंगाला जोडला गेला. भिंग फिरवले की त्याच्या मागचे कडे कॅमेऱ्यातील एक तरफ ढकलते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. त्या एकरूप झाल्या की अंतर अचूक साधले. भिंग ३५ मि.मी.चे असो की १३५ चे, तरफेला मिळणारी हालचाल एकाच प्रमाणात राहावी अशी योजना होती. त्यामुळे कॅमेरा एक आणि भिंगे अनेक, असा संसार सुखाने चालू लागला.

१६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम येथे बार्नाकचे निधन झाले. तो अवघा ५६ वर्षांचा होता. त्याचे आटे मात्र त्याच्यामागे जगभर पसरले. रशियातील आणि जपानमधील कारखान्यांनीही त्याच मापाची भिंगे बनविली. आणि १९४८ च्या जानेवारीत दिल्लीस महात्माजींना त्यांच्या अखेरच्या दिवशी भेटलेला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ, याच्याही हातात लायकाच होता.

१९५४ साली लायकाने आट्यांची पद्धत सोडून बायोनेट पद्धत स्वीकारली. आपल्याकडील खुंट्यांचा बल्ब होल्डरमध्ये दाबून थोडा फिरवला की अडकतो, तसलाच हा प्रकार. आता लोकांजवळची हजारो जुनी भिंगे अडगळीत जाणार काय? तसे झाले नाही. नव्या कॅमेऱ्यात बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मि.मी. ठेवले होते, म्हणजे जुन्यापेक्षा बरोबर १ मि.मी. कमी. त्या एका मिलिमीटरच्या जागेत एक पातळ कडे बसते. कड्याच्या आतल्या बाजूस जुने आटे, बाहेरच्या बाजूस बायोनेट. यालाच अ‍ॅडॉप्टर म्हणतात. उलट मात्र घडू शकत नाही. नव्या भिंगाला २७.८ मि.मी. हवे असतात आणि जुन्या कॅमेऱ्यात आधीच २८.८ असतात, तेथे कडे घालावयास जागाच नाही.

या एका मिलिमीटरचे महत्त्व मी प्रयोगशाळेत ताडून पाहिले आहे. माझ्याजवळ ५० मि.मी.चे, एफ/२ छिद्राचे आट्यांचे एक जुने भिंग आहे. त्यासाठी बाजारातून आणलेले एक स्वस्त कडे स्क्रू-गेजमध्ये धरले, तेव्हा त्याची जाडी १.१० मि.मी. भरली. फरक ०.१ मि.मी.चा. आपल्या साध्या व्हर्निअरचे लघुत्तम माप तेवढेच! पण न्यूटनच्या सूत्राप्रमाणे नाभीय अंतराच्या वर्गाला या फरकाने भागले की २५,००० मि.मी. येतात. म्हणजे भिंग अनंतावर लावले तरी ते प्रत्यक्षात २५ मीटरवरच स्थिरावते. छिद्र पूर्ण उघडे ठेवून मी राजहंसगडाचे छायाचित्र घेतले. तट धूसर आला आणि अलीकडचे झाड स्पष्ट आले. नंतर बरोबर १.०० मि.मी.चे कडे मिळवले, आणि तटाची कड लखलखीत उमटली. विद्यार्थी मित्रांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

बार्नाकच्या नावाचा, त्याने स्वतः वापरलेला एक कॅमेरा २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. संग्राहकांच्या दृष्टीने ती त्याच्या थोरवीची किंमत असेल. मला त्याची थोरवी वेगळ्या ठिकाणी दिसते. दमा असलेल्या एका माणसाने स्वतःपुरते ओझे हलके केले, आणि ते करताना एक माप इतके काटेकोर पाळण्याची शिस्त कारखान्याला लागली, की पुढच्या पिढीला जुने मोडीत न काढता नवे करता आले. नवीन यंत्र करणारे पुष्कळ असतात. आपल्यामागून येणाऱ्यासाठी एका मिलिमीटरचा हिशोब चोख ठेवून जाणारे थोडे.