विल्यम लेव्हिट

विल्यम लेव्हिट (११ फेब्रुवारी, १९०७ - २८ जानेवारी, १९९४) हे अमेरिकन गृहबांधणी व्यावसायिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी उभारलेल्या ‘लेव्हिटाउन’ या वसाहतींमुळे अमेरिकेत विरळ वस्तीच्या उपनगरांचा झपाट्याने प्रसार झाला. सामान्य उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना त्यांनी स्वतःचे घर मिळवून दिले. मात्र कृष्णवर्णीयांना ही घरे नाकारली.

सुरुवातीचे जीवन

लेव्हिट यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील ब्रूकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. न्यू यॉर्क विद्यापीठातील शिक्षण त्यांनी पदवी न घेताच सोडले. १९२९ मध्ये वडील एब्राहम यांनी ‘लेव्हिट अँड सन्स’ ही कंपनी स्थापन केली. तिचा व्यवहार व विक्री विल्यम पाहत, तर घरांचे आराखडे धाकटे बंधू आल्फ्रेड तयार करीत. प्रारंभी कंपनी लाँग आयलंडवर सधन वर्गासाठी घरे बांधत असे. महायुद्धकाळात व्हर्जिनियातील नॉरफोक येथे कामगारांसाठी घरे बांधताना तिला कमी वेळात मोठे काम पुरे करण्याचा अनुभव मिळाला. विल्यम यांनी नौदलाच्या बांधकाम दलातही सेवा केली.

लेव्हिटाउनची उभारणी

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरांची तीव्र टंचाई भासत होती. १९४४ च्या कायद्यान्वये त्यांच्या गृहकर्जांना सरकारी हमी मिळाली. १९४७ मध्ये लेव्हिट यांनी लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांच्या जागी २,००० घरे भाड्याने देण्याची योजना जाहीर केली. स्थानिक नियमानुसार घराला तळघर आवश्यक होते. माजी सैनिकांच्या आग्रहामुळे हा नियम शिथिल झाला आणि जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या थरावर घरे उभी राहू लागली.

बांधकामाची विभागणी २७ टप्प्यांत केलेली होती. प्रत्येक टोळी आपले ठरलेले काम उरकून पुढच्या घराकडे जाई. १९५१ पर्यंत येथे १७,४४७ घरे झाली. १९४९ मध्ये विक्रीस काढलेल्या घराची किंमत ७,९९० डॉलर होती आणि माजी सैनिकांना आगाऊ रक्कम भरावी लागत नसे.

सुरुवातीची घरे ७५० चौरस फुटांची, तर भूखंड साधारणपणे ६० बाय १०० फुटांचे होते. म्हणजे घराने भूखंडाचा केवळ आठवा भाग व्यापलेला होता आणि रस्ते वगळूनही एका एकरात सुमारे सातच कुटुंबे राहू शकत. एवढ्या विरळ वस्तीत कामावर जाण्यायेण्यासाठी बहुतेकांना मोटारीवर अवलंबून राहावे लागले. पुढे पेन्सिल्व्हेनिया व न्यू जर्सी येथेही अशाच वसाहती उभारण्यात आल्या.

वर्णभेदाचे धोरण

पहिल्या लेव्हिटाउनच्या भाडेकरारात गौरेतरांना घरात राहण्यास मनाई करणारे कलम होते; नोकरांचा तेवढा अपवाद होता. गृहकर्जाचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचे धोरणही अशा विभागणीला अनुकूल होते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही, असा निर्णय दिला. तरीही लेव्हिट यांनी धोरण बदलले नाही. गोरे ग्राहक निघून जातील, असे कारण ते देत. १९५७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील वसाहतीत एका कृष्णवर्णीय कुटुंबाने मूळ मालकाकडून घर विकत घेतले, तेव्हा जमावाने त्यावर दगडफेक केली. अखेर १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने लेव्हिट यांच्या विरोधात निकाल दिला आणि तेथील घरे सर्वांना खुली झाली.

उत्तरायुष्य

१९६८ मध्ये लेव्हिट यांनी आपली कंपनी आयटीटी या उद्योगसमूहाला सुमारे ९.२ कोटी डॉलर किमतीच्या समभागांच्या बदल्यात विकली. पुढे या समभागांचे मूल्य कोसळले. त्यांच्या तारणावर लेव्हिट यांनी कर्जे काढलेली होती. परदेशातील प्रकल्पही फसले आणि त्यांची बहुतेक संपत्ती संपुष्टात आली. १९९४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील मॅनहॅसेट येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

लेव्हिटाउनमधील एकसारख्या घरांवर टीकाकारांनी कंटाळवाणेपणाचा आरोप केला. परंतु रहिवाशांनी खोल्या वाढवून, दर्शनी भाग बदलून ती आपापल्या गरजेनुसार घडवली. घराच्या वाढत्या किमतीतून अनेक गोऱ्या कुटुंबांची संपत्ती उभी राहिली. ज्या कृष्णवर्णीय माजी सैनिकांना प्रवेश नाकारला गेला, त्यांची कुटुंबे या संपत्तीलाही मुकली.