राजदूत सर टॉमस रो

भुसावळहून खांडव्याकडे आगगाडीने जाताना बुऱ्हाणपूर स्टेशन लागते, हे खानदेश-वऱ्हाडातील आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. तापीच्या काठी जुना किल्ला असलेले हे शहर एके काळी बादशहाच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे होते. १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून नंदुरबार, चोपडा, रावेर असा मजल दरमजल प्रवास करीत एक इंग्रज वकील येथे येऊन पोहोचला. त्याचे नाव सर टॉमस रो. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्लंडचा राजदूत म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख एका ओळीत होते. परंतु त्या ओळीच्या मागे एका श्रद्धावंत प्रॉटेस्टंट माणसाचे सारे आयुष्य आहे, आणि ते संडेस्कूलच्या शिक्षकांना उपयोगी पडण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते.

रो यांचा जन्म १५८१ च्या सुमारास लंडनजवळच्या लेटन या गावी झाला. आजोबा लंडन शहराचे लॉर्ड मेयर होते. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून रो राणी एलिझाबेथच्या सेवेत शिरले, राजा जेम्सने त्यांना सर ही पदवी दिली, आणि राजाची कन्या एलिझाबेथ हिच्याशी त्यांचा स्नेह जडला. हा स्नेह वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण रो यांचे पुढचे आयुष्य त्याच धाग्याने ओढले गेले.

बुऱ्हाणपुरात त्या वेळी शाहजादा परवीझ नावाचा सुभेदार होता. खरा कारभार खानखानान अब्दुर्रहीम पाहात असे. वकिलाच्या उतरण्यासाठी सराईतील चार खोल्या मिळाल्या, त्या भट्टीसारख्या होत्या. दरबारात जाताना कोतवालाने जमिनीला डोके टेकण्यास सांगितले. रो यांनी नकार दिला. आपण एका राजाचे प्रतिनिधी आहोत, नोकर नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी खुर्ची मागितली, तीही मिळाली नाही. चांदीने मढविलेल्या खांबाला टेकून उभे राहण्याची तेवढी सवलत मिळाली. मात्र बुऱ्हाणपुरात इंग्रजांची वखार घालण्यास शाहजाद्याने परवानगी दिली. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. तिचा परिणाम असा झाला की शाहजादा दुसऱ्या भेटीच्या अवस्थेतच राहिला नाही! मद्यपाननिषेधाचे कार्य करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना ही गोष्ट सांगावयास हरकत नाही. रो स्वतः तेथेच तापाने आजारी पडले आणि तशाच अवस्थेत अजमेरच्या वाटेला लागले.

१६१६ च्या जानेवारीत त्यांनी बादशहाची भेट घेतली आणि पुढे तीन वर्षे ते दरबाराबरोबर अजमेर, मांडू, अहमदाबाद असे फिरले. त्यांचे पहिले धर्मगुरू जॉन हॉल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या जागी एडवर्ड टेरी आले. या टेरींनी पुढे लिहिलेल्या प्रवासवृत्तात एक प्रसंग आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. दरबारात फ्रान्सिस्को कॉर्सी नावाचे जेझुइट धर्मगुरू राहात असत. ते आपण होऊन रो यांच्याकडे आले. युरोपात आपल्या दोन पंथांत काय वैर आहे ते येथील लोकांपुढे आणू नये, नाही तर ख्रिस्तच विभागला गेला आहे असे त्यांना दिसेल, अशी विनंती त्यांनी केली. रो यांनी ती मानली. कट्टर प्रॉटेस्टंट राजदूत आणि रोमचा धर्मगुरू यांच्यातला हा स्नेह रो हिंदुस्थानात होते तोवर टिकला.

व्यापाराच्या बाबतीतही त्यांचे मत असेच होते. पोर्तुगीज आणि डच लोकांनी किल्ले बांधून आणि फौजा ठेवून आपला नफा गमावला. इंग्रजांनी युद्धाच्या फंदात न पडता शांतपणे व्यापार करावा, असे त्यांनी कंपनीला कळविले होते. कंपनीने पुढे या सल्ल्याचे काय केले ते हिंदुस्थानाला चांगलेच माहीत आहे.

१६१९ मध्ये रो मायदेशी परतले तेव्हा युरोपात आग लागलेली होती. बोहेमियातील प्रॉटेस्टंट सरदारांनी १६१८ साली कॅथॉलिक सम्राटाविरुद्ध बंड केले आणि जर्मनीतील पॅलाटिनेट प्रांताचा अधिपती फ्रेडरिक याला आपल्या गादीवर बसविले. फ्रेडरिकची पत्नी म्हणजेच रो यांची मैत्रीण एलिझाबेथ. १६२० च्या नोव्हेंबरात प्रागजवळ पराभव होऊन दोघांना पळावे लागले. पुढे त्यांचा स्वतःचा प्रांतही गेला. या युद्धाला पुढे तीस वर्षांचे युद्ध असे नाव पडले. एलिझाबेथला तिचे राज्य परत मिळवून द्यावे हा रो यांचा ध्यास झाला.

तथापि मध्यंतरी १६२१ पासून सात वर्षे ते कॉन्स्टँटिनोपल येथे तुर्की सुलतानाच्या दरबारी राजदूत होते. अल्जियर्सच्या चाच्यांनी धरलेल्या शेकडो इंग्रज खलाशांची त्यांनी सुटका करविली. तेथील ग्रीक मंडळीचे पेट्रिआर्क सिरिल लुकारिस हे धर्मसुधारणेकडे झुकलेले होते. त्यांच्यासाठी चालणाऱ्या छापखान्यावर १६२८ च्या आरंभी विरोधकांच्या चिथावणीवरून शिपायांची धाड पडली, तेव्हा रो त्यांच्या पाठीशी उभे राहिले. याच लुकारिसांनी रो यांच्या हाती इंग्लंडच्या राजासाठी एक प्राचीन ग्रंथ दिला: पाचव्या शतकातील ग्रीक पवित्र शास्त्राचे जवळजवळ संपूर्ण हस्तलिखित, ज्याला कोडेक्स अलेक्झांड्रिनस म्हणतात. त्यातील मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातीची पाने हरवलेली आहेत. मजकूर सुरू होतो तो दहा कुमारींच्या दाखल्यात, मध्यरात्रीच्या हाकेपाशी. इंग्रजीचे अधिकृत भाषांतर १६११ साली छापून झाले होते, त्यामुळे त्या भाषांतरकारांना हे हस्तलिखित वापरता आले नाही. पुढच्या विद्वानांना मात्र त्याचा मोठा आधार झाला.

यानंतरचा प्रसंग आम्हांस सोपा वाटत नाही. १६२९ साली स्वीडन आणि पोलंड यांच्यामधील लढाई थांबविण्यास रो मध्यस्थ म्हणून गेले. फ्रान्सच्या वकिलाबरोबर खटपट करून सप्टेंबरात आल्टमार्क येथे त्यांनी सहा वर्षांचा तह घडवून आणला. हे शांतीचे काम खरे. पण त्यामागचा हेतू स्वीडनचा राजा गुस्तावस अडॉल्फस याला जर्मनीत प्रॉटेस्टंटांच्या मदतीस जाण्यास मोकळे करणे हा होता. तो १६३० च्या उन्हाळ्यात जर्मनीत उतरला. १६३१ च्या मे महिन्यात सम्राटाच्या सैन्याने मॅग्डेबर्ग हे प्रॉटेस्टंट शहर जाळले, त्यात सुमारे वीस हजार माणसे मेली. सप्टेंबरात गुस्तावसने ब्रायटनफेल्ड येथे मोठा विजय मिळविला, आणि पुढच्याच वर्षी तो रणांगणावर पडला. संडेस्कूलमध्ये आपण त्याला विश्वासवीर म्हणतो, ते म्हणावे. पण त्याच्या मागून राहिलेल्या स्वीडिश फौजांनीही गावोगावी लूट केली हे मुलांपासून लपवू नये. ग्रिमेल्सहाउझेन या जर्मन लेखकाने, जो लहान वयातच शिपायांच्या हाती सापडला होता, पुढे सिम्प्लिसिसिमस ही कादंबरी लिहिली. तिच्यातला शेतकऱ्याच्या घरचा पोर आपले घर लुटणारे शिपाई पाहतो. ते कोणत्या पंथाचे, हे त्या पोराला कळत नाही.

त्याच १६३१ साली इकडे बुऱ्हाणपुरात शाहजहान अहमदनगरच्या निजामशाहीविरुद्ध तळ देऊन होता, दक्षिणेत आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ होता, आणि तेथेच मुमताज महलचा अंत झाला.

तह घडवून आणण्याच्या दिवसांतच रो यांनी जॉन ड्यूरी या तरुण पाळकाला हाताशी धरले. ल्यूथरपंथी आणि कॅल्व्हिनपंथी मंडळ्यांत ऐक्य घडविण्यासाठी ड्यूरींनी जवळजवळ पन्नास वर्षे युरोपभर पायपीट केली आणि यश आले नाही. कॉर्सींची विनंती मानणारे रो येथे पुन्हा दिसतात असे आम्हांस वाटते, मात्र या वेळी कॅथॉलिकांना बाजूला ठेवून.

१६३८ पासून रो हॅम्बुर्ग आणि व्हिएन्ना येथे राज्य परत मिळविण्याच्या वाटाघाटी करीत राहिले. हाती काही लागले नाही. १६४२ मध्ये इंग्लंडमध्येच राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले, आणि ते चालू असतानाच ६ नोव्हेंबर १६४४ रोजी बाथ येथे त्यांचे निधन झाले. वुडफर्डच्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. चार वर्षांनी वेस्टफालियाचा तह झाला आणि एलिझाबेथच्या मुलाला पॅलाटिनेटचा काही भाग परत मिळाला. बोहेमिया सम्राटाकडेच राहिला. लुकारिसांना सुलतानाच्या हुकमाने १६३८ मध्येच गळा दाबून मारण्यात आले होते. त्यांनी रो यांच्या हाती दिलेले हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.