रुईचा पुंजका आणि लिऑनचा पोटमाळा

दिवाळीनंतर कापसाच्या हंगामात नवीन जालन्यातल्या मोंढ्याकडून गाडीवर आलात, की काळ्या जीन्सवर रुईचे पांढरे पुंजके चिकटलेले असतात. त्यातही कापसाने भरलेला टेम्पो पुढे असेल तर विचारूच नका. आई म्हणते, बाहेरच झटकून ये. आपण झटकतो आणि विसरतो. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये मात्र एक डॉक्टर होता, जो हे असलं झटकलेलं कागदावर गोळा करायचा आणि मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास बघत बसायचा.

त्याचं नाव एडमंड लोकार्ड. आपल्या पिढीला फॉरेन्सिक म्हटलं की सीआयडी मालिकेतले डॉ. साळुंखे आठवतात. त्या लॅबचं मूळ शोधत गेलात तर लोकार्डच्या दारात पोचता.

जन्म १३ डिसेंबर १८७७, गाव साँ-शामाँ. हे गाव रिबिनी आणि नाड्या-लेस विणण्यासाठी प्रसिद्ध. पुढचं सगळं आयुष्य गेलं लिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या रेशमाच्या राजधानीत. आपलं जसं कापसाचं गाव, तसं त्याचं रेशमाचं. धाग्यादोऱ्यांशी त्याचं नातं असं जन्मापासूनचं, पण योगायोगाच्या पलीकडे त्यात फार अर्थ शोधू नका.

लिऑनला त्याने मेडिकल केलं. गुरू मिळाले अलेक्झांडर लाकासान्य, त्या काळातले न्यायवैद्यकातले मोठे नाव. १९०२ मध्ये डॉक्टरेट झाली, वर कायद्याचाही अभ्यास केला. शेरलॉक होम्सच्या गोष्टींचा त्याला भयंकर नाद. फरक एवढाच, की आपण त्या वाचून बाजूला ठेवतो आणि हा माणूस विचार करत बसला, की बुटावरच्या चिखलावरून होम्स जे ओळखतो ते खरोखर का ओळखता येऊ नये?

शिकायला तो पॅरिसला अल्फाँस बर्तियाँकडेही गेला. शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखायची पद्धत याच बर्तियाँची. पण त्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. १८९४ च्या ड्रेफस खटल्यात त्याने एका चिठ्ठीतलं अक्षर कॅप्टन ड्रेफसचंच आहे असं ठामपणे सांगितलं होतं. ते अक्षर ड्रेफसचं नव्हतं. निर्दोष माणूस डेव्हिल्स आयलंडवर सडला आणि पूर्णपणे सुटायला १९०६ साल उजाडलं. तज्ज्ञ चुकला की काय होतं, हे लोकार्डच्या पिढीने डोळ्यांसमोर बघितलं होतं.

१९१० मध्ये त्याने लिऑनच्या पोलिसांना पटवलं. मिळालं काय, तर न्यायालयाच्या इमारतीतल्या पोटमाळ्यावरच्या दोन खोल्या आणि दोन सहायक! जगातल्या पहिल्या पोलीस प्रयोगशाळांमध्ये आज तिचं नाव घेतात. तेव्हा मात्र जिने चढून वर जाणाऱ्यांना हा डॉक्टर थोडा चक्रमच वाटत असणार. बोटांचे ठसे पुसता येतात का हे तपासायला त्याने एका सहकाऱ्याबरोबर स्वतःची बोटं उकळत्या पाण्याने, गरम तेलाने, तापलेल्या लोखंडाने भाजून घेतली. जखमा भरल्या, ठसे जसेच्या तसे परत आले. (प्रॅक्टिकलला हे करू नका.)

सुरुवातीलाच खोट्या नाण्यांचं एक प्रकरण आलं. तीन संशयित होते, कबुली कुणाचीच नव्हती. लोकार्डने पोलिसांकडून फक्त त्यांचे कपडे मागवले. खिशातून आणि बाह्यांवरून धूळ झटकून काढली, तर तिच्यात धातूचे कण निघाले. नाण्यांत जे धातू होते, तेच.

मग १९१२ चं गाजलेलं प्रकरण. मारी लातेल या तरुणीचा गळा दाबून खून झाला. तिचा प्रियकर एमिल गुर्बें बँकेत कारकून होता. त्या रात्री तो मित्रांबरोबर पत्ते खेळत होता आणि मित्रही तेच सांगत होते. लोकार्डने त्याच्या नखांखालचं खरवडून घेतलं. त्वचेच्या कणांबरोबर गुलाबी पूड सापडली. तांदळाचा स्टार्च, बिस्मथ, झिंक ऑक्साइड वगैरे मिळून झालेली ती फेस पावडर होती आणि मारीला ती तिथल्याच एका औषधवाल्याने खास बनवून दिली होती. गुर्बें कबूल झाला. मित्रांच्या घरातलं घड्याळ त्यानेच पुढे केलं होतं.

ही गोष्ट सगळीकडे विज्ञानाचा विजय म्हणून सांगतात. माझं मत जरा वेगळं आहे. ती त्याची प्रेयसी होती, तिची पावडर त्याच्या नखांत एरवीही येऊ शकली असती. पावडरने एवढंच सांगितलं, की तो तिच्या जवळ होता. खून त्याने केला हे पावडर बोलली नाही. ते कबुलीतून आलं.

हे मला का टोचतं, तर सेकंड इयरला आमच्या होस्टेलवर एकाचे पैसे गेले. कपाटाच्या कडीत मरून लोकरीचा धागा अडकलेला दिसला. मरून स्वेटर मजल्यावर एकाचाच होता. अर्ध्या तासात निकाल लागला आणि तो लावणाऱ्यांत मीही होतो. आदल्या दिवशी तो मुलगा नोट्स घ्यायला त्याच खोलीत येऊन गेला होता, हे कुणी विचारातच घेतलं नाही. चार दिवसांनी पैसे ज्याचे त्याच्याच धुवायच्या पँटमध्ये सापडले. त्या मुलाने तो स्वेटर पुन्हा घातलेला मला दिसला नाही.

दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतं, हा विचार लोकार्डच्या नावाने ओळखला जातो. मालिकांमध्ये तो एका चटपटीत वाक्यात ऐकवतात. त्याने तो तसा सुटसुटीत लिहिलेला नाही. १९२० च्या पुस्तकात त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की गुन्ह्यासारखी जोरकस कृती करताना माणसाकडून खुणा राहिल्याशिवाय राहत नाहीत. १९३० मध्ये त्याने नुसत्या धुळीवर लेखमाला लिहिली, मग अपराधशास्त्रावर सात खंडांचा ग्रंथ.

तंतूंचं काम त्याच्यानंतर खूप पुढे गेलं. झ्युरिकच्या माक्स फ्राय-सुल्झरने चिकटपट्टीने कपड्यांवरचे तंतू उचलायची पद्धत आणली. मायक्रोस्कोपखाली कापसाचा तंतू पीळ बसलेल्या चपट्या रिबिनीसारखा दिसतो, लोकरीवर खवले असतात, पॉलिएस्टर गुळगुळीत. रंगाचंही मोजमाप होतं. पण कपड्यावर आलेले बहुतेक तंतू पहिल्या काही तासांतच गळून जातात. आणि पांढरा कापूस? तो इतका सर्रास सापडतो, की पुरावा म्हणून त्याला जवळपास किंमत नाही. आपल्या मोंढ्यात तर संशयितापासून हवालदारापर्यंत सगळ्यांच्याच अंगावर रुई सापडेल! रंग, जाडी, विणकाम वेगळं असलेला धागा सापडला तरच तज्ज्ञ कान टवकारतो. तोही एवढंच लिहितो, की हा तंतू त्या कपड्यातून आलेला असू शकतो.

आणि हा नियम पोलिसांनाही लागू. आरोपीचे आणि मृताचे कपडे एकाच पिशवीत कोंबले, की तंतू इकडचे तिकडे जाणार. म्हणून पंचनाम्याच्या वेळी कपडे वेगवेगळ्या कागदात बांधून सील करायचे असतात, ओले असतील तर आधी वाळवून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. म्हणजे माणसं लागणार. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, जालन्याहून साधारण साठ किलोमीटरवर. बीएस्सीवाल्यांनी चौकशी करायला हरकत नाही.

लोकार्ड १९५१ पर्यंत आपल्या प्रयोगशाळेचा प्रमुख राहिला. फावल्या वेळात पोस्टाची तिकिटं जमवायचा आणि संगीतावर समीक्षा लिहायचा. १९६६ मध्ये, ८८ व्या वर्षी, लिऑनमध्येच तो गेला.