पंचाचे मन आणि विजय हजारे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात सुटीच्या दिवशी क्रिकेटचे सामने रंगतात, तेव्हा मैदानावर सर्वांत एकाकी माणूस असतो तो पंच. आठवडाभर यंत्रापाशी राबलेली माणसे त्याच्या वर गेलेल्या वा न गेलेल्या एका बोटावरून खवळतात. अशा वेळी त्याने मन स्थिर कशाच्या बळावर ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर पंचांच्या नियमावलीत नाही. ते एका खेळाडूच्या चरित्रात सापडते.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. धर्माचा गाजावाजा त्यांनी केला नाही. मात्र ख्रिस्ती विचारात आत्मसंयमन हा स्वभावाचा योगायोग नव्हे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते आत्म्याच्या फळांत गणले आहे, आणि फळ एका दिवसात पिकत नाही. हजारे यांची फलंदाजी अशीच पिकत गेली. महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या होत्या; बंधू विवेक यांनी दुसरे टोक सांभाळून त्रिशतकी भागीत एकवीस धावांची भर घातली. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत त्यांनी शतक झळकावले.

फेब्रुवारी १९४९ मधील मुंबईची कसोटी मात्र पंचांनी विशेष अभ्यासावी. वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे १२२ धावा करून परतले होते. सहा धावा उरल्या, दोन गडी शिल्लक होते, षटकातील एक चेंडू व सुमारे दीड मिनिट बाकी होते. तेवढ्यात पंचाने यष्ट्यांवरील बेल्स उचलल्या. भारताचा पहिला कसोटी विजय हुकला तो असा. चूक अज्ञानाची नव्हती. ताणाने मोजणीवर मात केली होती. अशा पंचाला आयुष्यभर दोष देत बसणे हेही ख्रिस्ती वृत्तीत बसत नाही. चूक कबूल करून, क्षमा स्वीकारून पुढच्या चेंडूला निर्मळ मनाने सामोरे जाता येते, ही त्या श्रद्धेची पंचाला मिळणारी सर्वांत व्यवहारी देणगी होय. ज्याची किंमत प्रेक्षकांच्या आरोळ्यांवर ठरत नाही, त्याला मागच्या निर्णयाची भरपाई पुढच्या निर्णयात करण्याचा मोह होत नाही.

१९५२ च्या लीड्स कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले. त्या अवस्थेत कर्णधार हजारे यांनी दत्तू फडकरांसह डाव सावरला व ५६ धावा केल्या. सामना वाचला नाही, हे खरेच. नेतृत्वाचा भार त्यांच्या फलंदाजीला जाचला असे म्हणतात; तेही अमान्य करण्याचे कारण नाही. स्थिरचित्त माणसाला ओझे लागत नाही, असा समज भाबडा आहे.

त्याच वर्षी १० फेब्रुवारीस मद्रासला, मुंबईत हुकलेला पहिला विजय इंग्लंडविरुद्ध लाभला. शतके पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांची होती, बारा बळी विनू मांकड यांचे. कर्णधार हजारे होते.